देवमासा वळवताना

संग्रहालयाच्या तळघरात गेली पंधरा वर्षं एक बाई टूथब्रशने हाडं घासत बसलेली असायची. सगळे तिला हाडंताई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती दुसऱ्याच कुणाला तरी शोधत मागे वळून बघायची. टूथब्रश ती डझनावारी घ्यायची, मऊ केसांचे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा पक्का समज होता की हिच्या घरात माणसं कमी आणि दात फार.

सोमवारी सकाळी संचालकबाईंनी तिला वर बोलावून घेतलं. त्या कधी प्रस्तावना करत नसत.

"दोन वर्षांत अख्खं संग्रहालय मागच्या नव्या इमारतीत हलवायचंय. चाळीस हजार वस्तू. त्याला एक प्रोजेक्ट मॅनेजर लागणार, आणि मी तुझं नाव धरलंय."

हाडंताईने मागे वळून बघितलं. मागे फक्त कपाट होतं.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सांग," संचालकबाई म्हणाल्या. "नाही म्हणालीस तर बाहेरची कंपनी येईल. आणि तोवर चव बघायला देवमासा घे. गुरुवारी आपण बंद असतो. त्या दिवशी त्याचा सांगाडा नव्या दालनात टांगायचा. सगळी माणसं तुझ्या हाताखाली."

आता हाडंताईच्या हाताखाली आजवर जे काही आलं होतं ते सगळं मेलेलं होतं, आणि त्यातल्या कुणालाही काही सांगावं लागलं नव्हतं. जिवंत माणसाला काम सांगणं तिला जमतच नसे. हॉटेलात पाणी हवं असलं तर ती स्वतः उठून जग घेऊन यायची, आणि येता येता शेजारच्या टेबलावरचेही पेले भरून यायची. सांगत बसण्यापेक्षा आपण केलेलं बरं, हे तिचं आयुष्याचं धोरण. त्यामुळे पेच मोठा होता. नाही म्हणावं, तर कुठली तरी परकी माणसं येऊन तिची हाडं खोक्यांत कोंबणार. हो म्हणावं, तर दोन वर्षं हाडांना हात लावायचा नाही आणि दिवसभर माणसांना कामं सांगायची. दोन्हीतलं कुठलं जास्त भयंकर, हे तिला जिना उतरून तळघरात पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने हे घरात सांगितलं. घरात नवरा आणि सासूबाई. नवरा गाडी शिकवायचा. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबून दाबून त्याचा उजवा पाय कायमचा बिघडला होता. बायकोने कपात चहा जरा जास्त ओतला तरी टेबलाखाली त्याचा पाय खाली जायचा.

"अगं, पण तुला काम सांगता येतं का?" त्याने विचारलं.

"तेच तर."

"परवा नळ दुरुस्त करणारा आला होता. त्याने पान्याला हात लावायच्या आत तू नळ दुरुस्त केलास. वर त्याला सॉरी म्हणालीस."

सासूबाईंनी मोबाइल पुढे ओढला. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही शंकेवर कुणीतरी प्रश्नपत्रिका काढून ठेवलेली असते. त्यांनी शोधली, आणि ती निघालीच. 'प्रोजेक्ट मॅनेजरचं काम तुम्हाला झेपेल का? दहा प्रश्न, तीन मिनिटं.'

"पहिला प्रश्न," सासूबाईंनी चष्मा चढवला. "एखादं काम दुसऱ्याला देताना तुम्हाला काय वाटतं? अ, हलकं वाटतं. ब, काळजी वाटते. क, मी देतच नाही."

"क," नवरा आणि बायको एकदमच म्हणाले.

हाडंताईला दहापैकी तीन मिळाले. त्यातला एक 'तुम्ही वेळेवर येता का' याचा होता. मग सासूबाईंनी स्वतःच परीक्षा दिली. 'अनिश्चितता तुम्हाला आवडते का?' या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "आवडायचं काय त्यात, चाळीस वर्षं ती याच घरात राहतेय," आणि मुलाकडे बघितलं. त्यांना दहापैकी दहा मिळाले. हे सांगताना त्या खुर्चीत मागे रेलल्या होत्या. त्यांचा मुलगा भांडी घासत होता, सून ओटा पुसत होती आणि सहज डोकावलेली शेजारीण त्यांच्या औषधांच्या गोळ्या डब्यात भरून देत होती. हाडंताईने हे चित्र बघितलं आणि हातातलं फडकं थांबलं. या बाईने गेल्या दहा वर्षांत चमचासुद्धा उचलला नव्हता, आणि घर घड्याळाच्या काट्यावर चालत होतं.

"आई, तुम्ही हे करता कसं?"

"मी कुठे काय करते?" सासूबाई म्हणाल्या. "कुणाला काय चांगलं येतं ते बघायचं आणि त्याला सांगायचं. नाही म्हणाला तर म्हणाला. अजून कुणी म्हणालेलं नाही."

मंगळवारी हाडंताईने देवमाशाचा नकाशा काढला. जुन्या दालनात ती त्याच्याखाली जमिनीवर आडवी झाली आणि वर बघत एकेक मणका कागदावर उतरवला. तो मासा तिने पंधरा वर्षं असाच बघितला होता, खालून, पाठीवर पडून, ब्रश हातात धरून. बुधवारी सांगाडा उतरवून, क्रमांक लावून, आवार ओलांडून नव्या दालनात पोचवला. नकाशाची एक प्रत तिने वेल्डरला दिली. हा वेल्डर कमी बोलणारा आणि जास्त उसासे टाकणारा माणूस होता. त्याने परांचीवर चढून, नकाशा फळीवर पसरून, त्याबरहुकूम छताला सहा हुक मारले. हुकांना भाड्याने आणलेल्या साखळीच्या सहा कप्प्या लटकवल्या. त्या गुरुवारी संध्याकाळी सहाला परत जायच्या होत्या. सहाच्या आत कणा आणि कवटी चढवून कायमच्या तारांनी बांधली पाहिजे, बरगड्या मग शिडीवरून लावता येतील, असा बेत होता.

गुरुवार उजाडला. आठ उचलणारे आले, वेल्डर आला. संग्रहालयाचा एक नियम असा की कुठलीही वस्तू गुपचूप हलवायची नाही. जो हात लावेल त्याने मोठ्याने बोलायचं, "उचलतोय," "वळतोय," "ठेवतोय," म्हणजे दुसऱ्याला कळतं. तिकीट खिडकीपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना ही सवय इतकी भिनलेली की हाडंताई घरीसुद्धा ताट मांडताना "ठेवतेय" म्हणायची.

त्या सकाळी मात्र दालनात एकच आवाज येत होता. "उचलतेय," हाडंताई म्हणत होती. "धरतेय. तुम्ही थांबा हं, मीच वळवते. ठेवतेय." तिच्या पायाला भिंगरी लागली होती. स्पंज तिनेच गुंडाळायचा, पट्टा तिनेच बांधायचा, मणका कण्याच्या लोखंडी पाइपवर ओवायला तिनेच वर चढायचं. आठ धडधाकट माणसं भिंतीला टेकून, एखादा खेळ बघावा तशी तिच्याकडे बघत होती. अकरा वाजले तेव्हा पन्नास मणक्यांपैकी सात चढले होते आणि हाडंताईचा श्वास छातीत मावत नव्हता.

वेल्डरने एक मोठा उसासा टाकला. "ताई, एक सांगू? तुम्ही एक तर हाडं धरा, नाहीतर आम्हाला धरा."

तिला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. तिने स्टूल ओढलं, यादी हातात घेतली, त्यावर चढून उभी राहिली आणि दोन्ही हात यादीत गुंतवून ठेवले, नाहीतर ते पुन्हा सुटले असते. "तुम्ही दोघं ओवायला वर," ती म्हणाली. "आणि तुम्ही, टोपीवाले दादा, तुमचा हात स्थिर दिसतोय, तुम्ही क्रमांक जुळवा. बाकीचे ट्रॉलीवर."

आणि काय सांगावं, माणसं हलली. नुसती हलली नाहीत, सुटलीच. "उचलतोय, वळतोय, ठेवतोय," दालन घुमायला लागलं. बारापर्यंत वीस मणके, दोनपर्यंत अडतीस. कुणाची पाठ भरून आलीय, कुणाची कुणाशी जोडी जमतेय, कुणाला पाणी हवंय, हे सगळं तिला स्टुलावरून दिसत होतं आणि दिसताक्षणी ती सांगून टाकत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ती हाडांकडे न बघता माणसांकडे बघत होती, आणि तेवढ्यात हाडांनी डाव साधला.

तीन वाजून वीस मिनिटांनी अख्खा कणा शेपटीसकट लटकला. टाळ्या झाल्या. मग ट्रॉलीवरून कवटी आत आली, आणि टोपीवाल्या दादाने विचारलं, "ताई, ही पलीकडे न्यायची ना? मागच्या भिंतीकडे?"

"नाही हो, दाराकडे. लोक आत आले की समोर तोंड..." एवढं बोलून हाडंताई थांबली. दारात उभं राहिलं की डोक्यावर शेपूट होतं. देवमासा भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा लटकला होता.

वेल्डरने नकाशा काढला, तिनेही काढला. नकाशा बरोबर होता, समान अंतरावरचे हुकही बरोबर होते, फक्त त्यांचे क्रमांक उलट्या टोकापासून पडले होते. तिने तो पाठीवर पडून वर बघत काढला होता, त्याने तो वर उभं राहून खाली बघत वाचला होता, आणि त्यात डावं ते उजवं झालं होतं. दार नकाशात काढायचं तिला सुचलंच नव्हतं, कारण पाठीवर पडलेल्या माणसाला दार दिसत नाही.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. माझी चूक आहे, तुम्ही सगळे घरी जा, मी करते. हे वाक्य तिने जन्मभर वापरलं होतं आणि ते कधी फसलं नव्हतं. पण एकटीने करायचं तर अकरा दिवस लागले असते, आणि हातात दोन तास चाळीस मिनिटं होती.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. मग तिने उरलेलं वाक्य गिळलं. "आता काय करता येईल ते सांगा."

"एकेक मणका उतरवून परत ओवायचा," वेल्डर म्हणाला. "सहापर्यंत होणे नाही."

"अख्खा वळवला तर? खाली सहा ट्रॉल्यांवर उतरवायचा, गोल फिरवायचा आणि परत चढवायचा."

"दालन दहा मीटर रुंद. कणा बारा मीटर. फिरणार कसा?"

हाडंताई दालनाकडे बघत राहिली. लांबट, अरुंद. मध्यावर बाजूला एक मोठी कमान, पलीकडे शंखशिंपल्यांसाठी राखलेली रिकामी खोली. हे असलं काहीतरी तिने रोज जेवताना ऐकलं होतं. तिने फोन काढला.

"अरे, अरुंद गल्लीत लांबलचक गाडी वळवायची असली तर?"

"बाजूच्या गल्लीत मागे घ्यायची, तोंड फिरवायचं, बाहेर काढायची," नवरा म्हणाला. "का गं? तुला तर गाडी येत नाही."

"गाडी नाहीये. तू ताबडतोब ये. आणि हो, याला ब्रेक नाहीयेत."

मग ती आवार ओलांडून जुन्या इमारतीत धावली. दालनं बंद होती, पण आतली कामं चालू होती. प्रत्येक ट्रॉलीला चार माणसं हवीत, शिवाय कप्प्यांवर सहा आणि कोपऱ्यांवर नजर ठेवायला चार. पहिल्या खोलीत नाण्यांचे अभ्यासक बसले होते. वीस वर्षांत त्यांनी नाण्याहून जड काही उचललं नव्हतं. "सर, जरा..." हाडंताई दारातच अडखळली. "जरा देवमासा ढकलायला येता का?" सरांनी भिंग खाली ठेवलं. "असं कुणी विचारलंच नाही मला कधी," ते म्हणाले आणि बाह्या सरसावत निघाले. तिकिटाच्या काकू तयारच होत्या. माळी, रखवालदार, कॅन्टीनवाला, चित्रांना रंग भरणारी बाई. सातव्या माणसापर्यंत तिला चक्क मजा यायला लागली, आणि बाराव्याला तर ती न विचारताच म्हणाली, "चला." नाही कुणीच म्हणालं नाही.

नवरा आला तो शिकाऊ बाईला घेऊनच. तिची तिसरीच शिकवणी होती, आणि त्याने तिला अर्ध्या रस्त्यात सोडायचं तरी कुठे? तिलाही तिसऱ्या ट्रॉलीवर लावलं. नवऱ्याने कमानीची रुंदी पावलांनी मोजली, कणा डोळ्यांनी मोजला, आणि बायकोच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल घेऊन उभा राहिला. सहा कप्प्या एकदम खाली आल्या. देवमासा स्पंजवर विसावला.

"शेपूट कमानीत. मागे, मागे," नवरा म्हणाला. "सावकाश. आरशात बघा. म्हणजे, मागे बघा."

"ढकलतोय," चौतीस माणसं एका सुरात म्हणाली. "वळतोय." आणि बारा मीटरचा तो कणा खरोखरच वळायला लागला. कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. तिकिटाच्या काकूंना हसू इतकं अनावर झालं की त्या "ढकलतेय" म्हणण्याऐवजी नुसत्या हिंदकळत होत्या. नवऱ्याचा उजवा पाय स्टुलावर फटाफट ब्रेक मारत होता.

शेपूट कमानीत शिरलं आणि हाडंताईला दिसलं, त्रेचाळिसावा मणका डुलतोय. त्याला जुनी चीर होती. ती चीर तिनेच सांधली होती, तीन हिवाळे त्यात गेले होते. तिचं एक पाऊल स्टुलावरून खाली आलंसुद्धा. धावत गेली असती तर पोचली असती, पण चौतीस माणसांचं लक्ष तिच्याबरोबर धावलं असतं आणि कणा कमानीवर आपटला असता. तिने पाऊल वर घेतलं. मणक्याजवळ कोण आहे ते बघितलं.

"सर," ती म्हणाली, मोठ्याने आणि अगदी शांत. "तुमच्या डाव्या हाताखालचा मणका. दुर्मिळ नाणं समजून धरा."

नाण्यांच्या सरांनी दोन बोटं आणि अंगठा पुढे केला. मणका थांबला. "धरतोय," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुर्मिळ नाणं सापडल्याचा आनंद होता.

"आता तोंड बाहेर," नवरा म्हणाला. "उजवीकडे. अजून. बस." शेपटीचं टोक भिंतीपासून तीन बोटं राहिलं. पाच वाजून वीस मिनिटांनी कणा पुन्हा वर गेला. सहाला दहा कमी असताना कवटी चढली, आणि देवमासा दाराकडे बघायला लागला. तिकिटाच्या काकू जमिनीवर बसून डोळे पुसत होत्या. शिकाऊ बाई सगळ्यांना सांगत होती की आयुष्यात तिने पहिल्यांदाच काहीतरी न आपटता वळवलंय. वेल्डरने उसासा टाकला, पण तो वेगळ्या जातीचा होता.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग उद्या काय सांगणार?"

"माहीत नाही," हाडंताई म्हणाली, आणि ते खरं होतं. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात हाडांचा वाटा किती थोडा होता हे जाणवून तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी दालनात बरगड्या चढत होत्या, तिच्यावाचून, व्यवस्थित. ती तळघरात फॉर्म भरायला बसली. संग्रहालयात वस्तू हलली की फॉर्म येतोच. 'वस्तू हलवणाऱ्यांच्या सह्या' या चौकटीत काल सगळ्यांनी हौसेने सह्या ठोकल्या होत्या. नाण्यांच्या सरांची मोत्यासारखी, माळ्याची मातीसकट. शिकाऊ बाईने तर सहीखाली रेघही मारली होती. चौतीस सह्या. हाडंताईने पेन उचललं आणि तिला कळलं की या चौकटीत आपल्याला जागा नाही. ट्रॉल्यांवर उतरल्यापासून परत चढेपर्यंत तिने त्या माशाला एकदाही हात लावला नव्हता. पंधरा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं. ती रडणार होती, पण रडू आलं नाही. तिने सगळ्यात खाली 'जबाबदार व्यक्ती' पुढे सही केली, शेरा म्हणून 'नकाशात दार नव्हतं, चूक माझी' असं लिहिलं, आणि वर गेली.

"मग?" संचालकबाईंनी विचारलं.

"मॅडम, आठवड्यातून एक दिवस तळघरात बसता येईल का? बुधवारी. निदान अर्धा."

संचालकबाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही. खोटं सांगत नाही. दोन वर्षं तुला तासभरसुद्धा मिळणार नाही. आणि नंतरही तू परत जाशील असं मला वाटत नाही."

बाराला चार मिनिटं होती. हाडंताईच्या डोळ्यांपुढे तळघराचा दिवा आला, आणि नाण्यांच्या सरांचा चेहरा आला, आणि तो चेहरा काही केल्या दिव्यामागे लपेना.

"हो म्हणते," ती म्हणाली. "पण मला पहिलं माणूस आजच शोधायला घ्यायचंय. हाडं घासायला."

"कसं हवं?"

"माझ्यापेक्षा चांगलं," हाडंताई म्हणाली. "हात हलका हवा. आणि मध्ये मध्ये मी डोकावले, तर मला सरळ हाकलून देणारं हवं."